कडब्याची गाठ

शहागडच्या एसटीडी बूथवर बालकिशनशेठ खोळंबले होते. पुढं कडूबा फोनला चिकटलेला, शेजारी त्याची बायको सगुणाबाई.

“नेव्हीतून आपला भुजंग बोलून राह्यला. मुंबई ते कोची, शिडाच्या होड्यांची शर्यत जिंकला!”

“जेवला का, इचारा.”

“भर समुद्रात वादळानं शिडाचा दोर तुटला म्हंतो. समदे घाबरले. मंग यानं आपली कडबा आवळायची गाठ मारली.”

“तुमी शिकवलेली?”

“मंग! तीन दिवस हालली न्हाई!”

शेठ आपला फोन करायचं विसरले. “कडूबा, आता काय म्हंतो पोरगा?”

“गाठ कुणालाच सुटंना, शेठ. कापू का, इचारून राह्यला.”

“मंग?”

“कापू नको म्हणलं. सोडायला बाप येऊन राह्यला.”