आमीन म्हणायला येणाऱ्या बायका

—बूट तिथेच काढ गं पोरी, आणि आधी चहा घे. कॉम्प्युटर काही पळून जात नाही, त्याला आता कुलपावर कुलूप आहे. तू बिश्केकहून आलीस ना, आमच्या घरातली माहिती कुठून गळते ते शोधायला? शोध हो, शोध. आमच्या जिबेकबाईंनी—हे आश्रयघर त्याच चालवतात—काय काय केलंय ते बघून थक्क होशील. कागदांचा भुगा करणारं यंत्र आणलंय—छान आहे, त्या भुग्यानं चहाचा समोवार झटकन पेटतो, तेवढा तरी फायदा झाला. कपाटांना आकडे दाबायची कुलपं. भिंतीवर ते चित्र बघ—तोंडावर बोट ठेवलेली बाई. गुपित कसं राखायचं त्याचं शिबिरसुद्धा झालं, मोठं. मला नाही बोलावलं—थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणतात, आणि वर—सोनुनबु एजे, तुमच्याकडे कसली आलीय माहिती, तुम्ही आपलं जेवणाचं बघा! बरोबरच आहे. माझ्याकडे काय, पीठ आणि तेल.

आणि एवढं सगळं करून मंगळवारी काय झालं? बुरुलचाचा नवरा फाटकाशी हजर! ज्यानं तिचा हात मोडला, तोच. नावानं हाका मारत होता, जणू लग्नाला बोलवायला आलाय. पोलीस आले तेव्हा गेला—पण परत येईन म्हणाला, आणि येणारच तो. बुरुलचा बिचारी तेव्हापासून पलंगाखाली झोपते. जिबेकबाई म्हणतात, कॉम्प्युटर फुटला, त्यातूनच पत्ता गेला. फुटला असेल बाई. एवढ्या महागाचा, फुटायलाच आणलेला.

घे, सायीत बुडव. नको काय नको! शुक्रवारची पोळी आहे, नाही म्हणू नये. माझा नवस आहे—या घरात आलेली प्रत्येक पोर आपल्या पायावर उभी राहीपर्यंत दर शुक्रवारी सात पोळ्या तळायच्या. तेलाचा वास वर जातो, गेलेल्या आज्या-पणज्यांना पोचतो, त्या अल्लापाशी आपल्यासाठी शब्द टाकतात. मग गल्लीतल्या बायका येतात, मी दुवा मागते, त्या आमीन म्हणतात, पोळी घरी घेऊन जातात. तुमच्या यंत्रांपेक्षा बरं चालतं हो—इथल्याच आयझादाला शिवणकाम मिळालं ते कशानं? काय म्हणालीस—नावं? अगं, नाव घेऊनच मागायची दुवा, मोघम कशी मागणार? जगात बुरुलचा काय एकच आहे? बापाचं नाव, गावाचं नाव, आणि नवऱ्याचंही घेते, त्याची बुद्धी फिरू दे म्हणून—सगळं नीट, मोठ्यानं. मागे बसलेल्यांना ऐकू नको जायला? ऐकूच आलं नाही तर आमीन कशाला म्हणायचं! बायका सगळ्या भल्या आहेत गं. आपल्या उल्जानबाई, पलीकडची कुलिपा, तिची नवी सून—फार गुणी पोर, गेल्या शुक्रवारी तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या, मला म्हणाली, एजे, हे तर माझ्या माहेरचं गाव, आजच आईला फोन करून सांगते, म्हणजे तीही बुरुलचासाठी दुवा—

लिहायची का थांबलीस?

नको. बोलू नकोस. थांब जरा.

आणि मी इथे बसून कॉम्प्युटरला नावं ठेवतेय. वा, सोनुनबु! ती भिंतीवरची बाई बरी, तिला निदान कुणीतरी सांगितलं होतं बोट कुठे ठेवायचं ते. रडत नाहीये मी, तेल उडालं डोळ्यात.

ऐक, जिबेकबाईंना मीच सांगते. तू नाही, मी. आणि बुरुलचाला आजच्या आज दुसरीकडे हलवा, संध्याकाळ व्हायच्या आत—कुठे ते मला सांगू नका. मी विचारलं तरी नका सांगू, हात जोडले तरी नका. या पोळ्या बांधून दे तिला. माझा नवस मोडत नाही मी, अल्लाला तिचा पत्ता माझ्याकडूनच कळायला हवा असं थोडंच आहे?

फाटक वाजलं बघ. आल्या. तू बस, उठू नकोस, तूही पसर हात—

या उल्जानबाई, ये गं कुलिपा, बसा बसा, चहा तयार आहे. पसरा हात. या अल्ला, जिच्यासाठी मागतेय तिला तू ओळखतोस. तिला सुखरूप ठेव. आमीन.

कुणासाठी म्हणून विचारता? उल्जानबाई, पोळी गरम आहे तोवर खाऊन घ्या.