पाचदा भाजलेला पाव

…नकाशा? आणि तो माझ्याकडे मागता? अहो पाहुणे, मी लिस्बनची भट्टीवाली, गलबतांवरचा पाव भाजते! नकाशे राजाच्या कोठीत, कुलपात. गलबत परतलं की सुकाणूवाल्याचा सदरासुद्धा झाडून बघतात — कागद बाहेर गेला की मान गेली. माझा नवरा गास्पार सुकाणूवरच असतो ना, म्हणून ठाऊक. बायकोलासुद्धा सांगत नाही मेला, कुठे चाललाय ते! — घ्या, हा पाव चावून बघा. दात सांभाळा.

तर तुम्ही जिनोआचे, कापडवाले. बरं. असाल. पण मघाशी मिरीचं नाव निघालं नि तोंड कसं एरंडेल प्यायल्यासारखं झालं तुमचं! ते तोंड व्हेनिसचं, पाहुणे. ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? इतकी वर्षं कैरोच्या सुलतानाकडून मिरी घेऊन साऱ्या जगाला चढ्या भावानं विकलीत, आता आम्ही आफ्रिकेला वळसा घालून थेट झाडाखालून उचलतो, तर पोटात दुखायला लागलं. होय की नाही? — हसताय काय! आणि ते शेजारचे कॅस्टिलवाले, स्पेनचे! पोपनं संत्रं कापावं तशी पृथ्वी कापून दिली, अर्धी त्यांना, अर्धी आम्हाला — तरी त्यांची नजर आमच्याच फोडीवर. तोंडानं देवाचं नाव, पण हवी सगळ्यांना मिरीच. आमच्या राजालाही हो! मी कुणाला सोडत नाही.

आणि नकाशाचं काय एवढं? भट्टीला सगळं कळतं. गिनीच्या किनाऱ्याला जायचं तर पाव दोनदा भाजायचा. हिंदुस्थानला चारदा — जाऊन-येऊन दीड वर्षं टिकला पाहिजे. आणि यंदा? यंदा तर पाचदा! हाताची सालटी निघाली. माणशी तीन वर्षांचा पाव! मी गास्पारला म्हटलं, मिरी भरून परतायला तीन वर्षं लागतात होय रे? तर उठून गोण्यांची तोंडं बांधायला लागला. आणि झोपेत तांबड्या समुद्राचं नाव बरळतो. तेव्हाच कळलं मला — हे लगेच परतायला जातच नाहीयेत. तिकडेच ठाण मांडणार, समुद्राच्या तोंडाशी, सुलतानाची गलबतं अडवत… रडले हो मी. पाच गलबतांच्या गोण्या माझ्याच हातानं भरल्या नि भरता भरता रडले…

तुम्ही खात का नाही? आणि बघताय कुठे — गोण्यांकडे?

कधीपासून मोजताय?

नाही हो, पाहुणे — तीन वर्षं म्हटलं का मी? मठात पाठवायचा पाव आहे तो, मठात… अहो, पहिल्या गलबतावर माझा माणूस आहे! तुम्ही कैरोला कळवलंत तर तो सुलतान तोफा लावून वाट बघत — ऐका तरी. उठलात? थट्टा करत होते मी, इतका वेळ नुसती थट्टाच… बरं, जा. निघा. भट्टी बंद झाली.

पाहुणे! तो खिशातला पाव तरी ठेवून जा!