तांदळातलं नाव

लायडनच्या बसमध्ये मराठी कानावर पडलं आणि हिमानीने इयरफोन काढले. पुढच्या सीटवर सासू-सून होत्या, संग्रहालय पाहून निघालेल्या.

"अगं, त्या चिनी चित्राखाली चित्रकाराचं नावच नव्हतं."

"पाटीवर 'यीमिंग' होतं ना, आई. म्हणजे नाव हरवलेला."

"आणि तो जपानी वाडगा?"

"तो 'मुमेई'. कुंभाराने नाव घातलंच नाही."

"म्हणजे दोन्ही वेगळं?"

"हो. आणि मुद्दाम लपवलं, तर चिनीत 'नीमिंग'."

"मग लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरंच नाव लिहिलं, तर?"

"तुमचं बदललं होतं?"

"बदललं की. माझं माहेरचं नाव ह्यांच्या आत्याचंही होतं. एका घरात दोन बकुळा कशा चालणार?"

"बकुळा? किती गोड!"

"तसं नको. हाक मारल्यासारखं म्हण. बघू तरी."

"सासूला? नावाने?"

"मार गं. इथे कुणाला मराठी कळतंय!"

हिमानीचा स्टॉप आला. ती जागची हलली नाही.

"बकुळाऽ!"

"ओऽ!"