भांगेच्या तेलाचा डॉक्टर

मी मूळची धर्मापुरीची, दिली युसूफ वडगावात. सोयरिकी जुळवायचं काम सासूकडून आलं, तेच करते. पोरगा बघायचा म्हणजे आधी त्याच्या गावात जायचं, गिरणीवर बसायचं, शेजारणीकडं पाणी मागायचं. पाणी देता देता बाई सगळं सांगती.

मालकांना कॅन्सर झालता. औषधानं गाठ गेली, पण पायाच्या शिरा जळायला लागल्या. काय सांगू तुमाला, पांघरूण लागलं तरी ओरडत्यात. त्यात हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. जावई म्हणले, मामी, तालुक्याला एक डॉक्टर भांगेपासून केलेलं तेल देतो, आयुर्वेदात भांगेला विजया म्हणत्यात, कायद्यात बसतंय. मालक म्हणले, जन्मभर तंबाखूला शिवलो न्हाई, आता भांग पाजता का मला? मी म्हणलं, थांबा, आधी माणूस बघून येते.

डॉक्टरच्या गावाला गेले. शेजारीण म्हणली, लई गुणाचं पोरगं, सुपारीचं व्यसन न्हाई, आईला फुलासारखं जपतो. मी खूश. मालकांना घेऊन दवाखान्यात गेले, तर आमी खुर्चीत टेकायच्या आत बाटली पिशवीत घातलेली. मी फाईल पुढं केली, हार्टची गोळी चालू हाय म्हणलं. त्यो म्हणला, काकू, झाडपाल्याचंच हाय, सगळ्यांना हेच देतो. फाईल उघडलीच न्हाई. पोरगी न बघताच होकार देणाऱ्या स्थळाला मी लई भिते. साहेब, तुमची वैद्यकीची नोंदणी कुठली, म्हणून इचारलं, तर म्हणला, भिंतीवर बघा की. भिंतीवर सत्काराचे फोटो. मी उठले. बाहेर येऊन मालक तडकले, सोयरीक हाय का ही, मोडून आलीस?

चूक माझीच. मी घर इचारलं, आई इचारली. ह्याच्या औषधानं कुणाला बरं वाटलं, कुणाला तरास झाला, हे इचारलंच न्हाई. पोरगा चांगला असंलही, पण मला काय जावई करायचा होता का?

लेकीनं मोबाईलवर राज्याच्या वैद्यांच्या नोंदणीत त्याचं नाव शोधलं, न्हाई सापडलं. बीडच्या एका वैद्यबाईंचं सापडलं. त्यांनी फाईल पानपान वाचली, गोळ्यांच्या पट्ट्या उलट्यापालट्या करून बघितल्या, हार्टच्या डॉक्टरला फोन लावला. मग म्हणल्या, बाबा, आज देत न्हाई. ह्या तेलानं तुमची गोळी जास्त चढंल, रक्त वाहिलं तर थांबायचं न्हाई. आधी तपासणी करू, ते डॉक्टर हो म्हणले तर थेंबाथेंबानं चालू करू, तरी गुण येईलच असं न्हाई. मालक म्हणले, म्हणजे आजबी मोकळ्या हातानंच.

तपासणी सोमवारी हाय. तवर दुखणं हाय तसंच. ते कण्हायला लागले की वाटतं, ती बाटली घेतली असती तर आज झोप तरी लागली असती का. मग वाटतं, काय झालं असतं कुणाला ठाव. आता आतून हाक मारत्यात बघा, चिडून. मारू द्या. हाक ऐकू येती तवर बरंय.