पळसाची ओढणी

— बाजंवर नको गं स्वरदा, गोधडी ओली हाय तिथं, खुर्चीवर बस. परभणीहून बोरीला यायचं, अन् ते बी असल्या उन्हात... ओढणीसाठीच आलीस ना? निकिता असती तर दोघी मिळून आल्या असत्या. ती गेली, अन् तिचं काम तुझ्याकडं आलं — बरं झालं, परक्याच्या हाती गेलं न्हाई.

ही बघ. पळसाची फुलं इथंच आंगणात उकळली तिनं, माझ्या पातेल्याचा सत्यानाश करून — अन् मग अर्ध्या ओढणीला तुमच्या कॉलेजातला तो लेप. सिलिका. म्हणलं, म्हणजे काय गं? तर म्हणे, आई, वाळूचं पाणी समज. सुकलं की रंगावर काचंवानी थर बसतो, डोळ्याला दिसत न्हाई. अर्धी बाजू तशीच, बिनलेपाची. 'शेतात डोक्याला बांध, साबणानं धू, उन्हात घाल. लेपाखालचा रंग कधी उडतो ते मला सांग.' मी हसले — लोकाच्या लेकी आईला साडी घेतात, माझी मलाच कामाला लावायली!

बिनलेपाची बाजू बघ, पार धुरकट झाली. तिच्या दहाव्याला जराशी पिवळी व्हती. अन् ही लेपाची — हात लाव — हाय ना कालच रंगवल्यावानी? लय पक्कं काम केलं पोरीनं. त्या ट्रकवाल्याला जरा... जाऊ दे.

साबण? लावते की. तिनंच सांगितलेलं, लावणार न्हाई का — म्हणजे, लावत व्हते. पाडव्याला लेपाचं हे टोक फिकं दिसलं मला. ह्यांना दाखवलं तर म्हणले, तुला भास व्हायलाय. तवापासून नुसत्या पाण्यात बुडवते, सावलीत घालते. तुमच्या हिशोबात असलं चालत न्हाई, कळतंय मला. पण रंग उडाला की काम संपलं ना? मग तिला सांगायचं काय राहिलं माझ्याजवळ?

तुकडा? बोटभरच? मशीनीखाली बघायला — लेपाच्या बाजूचा. हां... न्हाई. कैची पर्समध्ये ठेव. ठेव म्हणलं ना. धुरकट बाजूचा पाहिजे तेवढा ने.

नको? मग चहा घे अन् निघ बाई. जिंतूरहून परभणीची यस्टी यायचा वखत झालाय.