खांबावरच्या पिशव्या

मी मूळची रेणापूरकडची. रेणापूरच्या बी पलीकडं, फाट्यावर उतरून आत चालत जायचं असं खेडं, तिथं माझ्या बापाची कोरडवाहू जमीन, जवारी, तूर, हरभरा. आन् आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याबिगर तोंडात घास घ्यायचा न्हाई. आन् जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट धुवायचं आन् ते पाणी पिऊन टाकायचं. हासू नका ताई, खरं सांगूलाले. माझा बाप असं ताट धुवून प्यायचा की माय म्हणायची, आता घासायला काय ठिवलं हो तुम्ही. लहानपणी मी एकदा भाताची शितं तशीच ठिवून उठले तर बापानं हाताला धरून परत बसवलं, मारलं न्हाई, नुसतं म्हणला, बस, हे तुझंच हाय. अशा घरातली मी, आन् मला ह्या गल्लीतल्या बाया सांगतेत अन्न म्हणजे काय असतंय ते!

काय सांगू तुम्हाला, ह्या गोष्टीचा राग असा हाय की बोलाया बसलं की मागचं पुढं होतंय. तर लग्न करून लातुरात आले. हे डाळ मिलमधी हमाल होते. धाकल्या दिराचं गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान. घर एकच, दोन खोल्या आमच्या, दोन तेंच्या, मधी आंगण, आन् आंगणात आत्याची गाय. आत्या म्हणजे माझी सासू, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतेत. गाय लाल कंधारी, आत्यांच्या माहेरच्या गायीच्या पोटची, तांबडी म्हणायचो तिला. आत्या सकाळी धार काढायच्या आन् सोडून द्यायच्या, दिवसभर गावात फिरायची, दिवस मावळायला आपली आपण दारात येऊन हंबरायची. जाऊबाईच्या हातची भाकर जाड, म्हणून आत्या लग्नापसून माझ्याच हातची खायच्या. महानंदे, तुझ्या हाताला चव हाय गं, म्हणायच्या. मला लई भारी वाटायचं, खोटं कामून बोलू.

मंग ह्यांची कंबर गेली. पोतं पाठीवर घेऊन फळीवरून घसरले, ते बसले ते बसलेच. आता घरी मिक्सर, शिलाई मशिना दुरुस्त करतेत, जमंल तसं. तवा ओल्या कचऱ्याची नवी गाडी निघाली होती, घरोघरचं शिळं, खरकटं, भाजीची देठं येगळी घ्यायची, तेचं खत करायचं. ठेका घेतलेल्या गुत्तेदाराला बाया पाह्यजे होत्या. मी गेले. मुकादमानं मला हीच गल्ली दिली, म्हणला, वळखीची हाय तर बाया तुमचं ऐकतील. वळखीची! तिथंच तर सगळं घोडं अडलं.

भावजी म्हणले, वैनी, दुसऱ्या वार्डात मागा, मला दुकानात तोंड दाखवायचं हाय. मी म्हणलं, मी काय चोरी करूलाले का? आमच्या मठात सांगतेत काम हाच देव, तुम्ही पुढं बसून मान हालवता, ते काय नुसतं हालवायला का? तर म्हणले, काम म्हणजे दुकान, शेती, नौकरी. दुसऱ्याचं उष्टं उचलायचं, हे कुठं सांगितलंय? हे आतून म्हणले, आरं गप बस, ती आपलं घर चालवूलाली. पण ह्यांचा आवाज कंबर गेल्यापसून बारीक झालाय, कुणी मनावर घेतला न्हाई.

गाडी यायची, भोंग्यावर गाणं वाजायचं, बाया हिरव्या बादल्या घेऊन यायच्या. काय असायचं तेच्यात? केळाची सालं, चहाचा चोथा, कांद्याची टरफलं. भाकरीचा एक तुकडा न्हाई, भाताचं शित न्हाई. मी जाऊबाईला इचारलं, उरलंसुरलं कुठं जातंय गं? तर म्हणती कशी, अगंबाई, अन्न कुठं कचऱ्यात टाकतेत का, पाप लागतंय, ते गायीला. मंग हातानं चारा की गायीला! तर न्हाई. कॅरीबॅगीत घालायचं, कुत्र्यानं तोंड घालू नये, अन्न खराब होऊ नये म्हणून वरून गच्च गाठ मारायची, आन् कोपऱ्यावरच्या लाईटीच्या खांबाला लटकवायचं. तेच्यासाठी खांबाला तारेचे आकडे करून ठिवलेत, गायीचं तोंड पुरंल असे. लांबून बघावं तर खांबाला कणसं लागल्यावानी पिशव्या. घरोघर पुण्य. गायीनं यावं, हिसका द्यावा, पिशवीसकट गिळावं आन् पुढच्या पिशवीला तोंड घालावं.

मी घसा फोडून सांगितलं. बायांनो, गाय गाठ सोडती का? एक तर हातानं चारा न्हाईतर माझ्या बादलीत उघडं टाका. तवा एक म्हातारी नाकाला पदर लावून म्हणली, महानंदे, तुझ्या बादलीत सगळ्या गावाचं, सगळ्या जातीचं उष्टं, तेच्यात आमचा निवद कसा टाकावा? बघा! म्हणजे पाप अन्नाला न्हाई लागत, इटाळ माझ्या बादलीला हाय. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आन् ह्याच म्हातारीच्या नातवाचं बारसं माझ्या हातच्या पुरणपोळ्यांनी झालं होतं.

पण खरा घाव घरातच बसला. एके दिवशी कामावरून आले, आंघोळ केली, चूल पेटवली, भाकरी केल्या, आत्यांचं ताट वाढलं. आत्या म्हणल्या, ठिव तिथंच, मला भूक न्हाई. जरा येळानं बघते तर जाऊच्या खोलीत बसून तिची जाड भाकर पाण्यात बुडवून बुडवून खाऊलाल्या, दात न्हाईत तेंना. मला बघून मान खाली घातली. मी इचारलं, आत्या, माझं काय चुकलं? तर म्हणल्या, चुकलं न्हाई गं, पण तू दिवसभर उष्ट्यात हात घालतीस, माझ्या गळ्यात लिंग हाय. मी म्हणलं, माझ्या बी गळ्यात हाय की! दुसऱ्या दिवशीपसून गायीला बी हात लावू देईनात. तांबडी माझा हात चाटायला यायची आन् आत्या म्हणायच्या, हो बाजूला. आन् भावजींनी सांगून टाकलं, येळवस झाली की खोली खाली करा, न्हाईतर ते काम सोडा. कंबर मोडलेला सख्खा भाऊ, तेला घेऊन कुठं जावं मी? ते इचारायची गरज कुणालाच वाटली न्हाई.

येळवस तुम्हाला ठाव असंल, आमच्या लातूरची मोठी आवस, त्या दिवशी सगळं गाव रिकामं होऊन रानात जातंय. शेंगाभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खाऊन खाऊन माणूस बेजार. आम्ही बी गेलो, जमिनीचा एक तुकडा हाय अजून. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पंगत बसली आन् मला जाऊबाईनं पत्रावळ बाजूला दिली, बांधाच्या कडंला. ह्यांनी बघितलं, आपली पत्रावळ उचलली, कंबर धरत धरत आले आन् माझ्यापशी येऊन बसले. आम्ही दोघं बांधावर जेवलो. उंडा गोड लागला न्हाई, पण सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गाडी गल्लीत आली तर खांब वाकायचा राह्यला होता. उंडे, भज्जी, भात, सगळं पिशव्यात, गच्च गाठी मारलेलं, खाली आंबील ठिबकूलाली. मी पिशव्या काढायला गेले तर बाया दारातून वरडल्या, हात लावू नको, गायीचं हाय. मुकादम म्हणला, भांडण नको, चल पुढं. गेले. पुढं गेले ताई.

संध्याकाळी तांबडी दारात आली ती हंबरलीच न्हाई. दावणीला उभी राह्यली, मान खाली, रवंथ न्हाई, डावी कूस ढोलावानी फुगलेली. सगळी रात तशीच. सकाळी गल्ली गोळा झाली, आन् काय बोलायला लागली ऐका. म्हणे, पहिलं गल्लीभर उकिरडे होते तर गायी मोकळं खायच्या, ही गाडी आली आन् गायीच्या तोंडचा घास गेला, उपाशी जनावर काय बी गिळंल न्हाई तर काय! भावजी सगळ्यांच्या देखत मला म्हणले, वैनी, तुमच्या गाडीनं खाल्ली आमची गाय. आत्या तिथंच बसलेल्या, तेंनी बी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून दिसती. मी म्हणलं, डाक्टरला बोलवा, पोट उघडू द्या, मंग कळंल कुणी खाल्ली.

जनावराचा डाक्टर आला. गाय उभ्यानंच धरली, सुई दिली, डाव्या कुशीला काप घेतला आन् खांद्यापतूर हात आत घातला. काढतोय, काढतोय, काढतोय. पिशव्याच पिशव्या, एकमेकीत गुतलेल्या, दोरखंडावानी. बादली भरली, घमेलं भरलं. सगळ्यात जास्ती पिवळ्या. आन् पिवळ्या पिशव्या आमच्या गल्लीत एकाच दुकानात मिळतेत, बंदी आली तरी गल्ल्याखालून काढून देतेत ते दुकान. भावजी तवा घामाघूम, कुणाला तरी फोन लावल्यावानी करत बाजूला सरकले.

आत्या उठल्या. घमेल्यातली एक पिशवी उचलली, तिची गाठ तशीच होती, ताई. आत्यांची बोटं वाकडी झालेत, तरी बसून बसून ती गाठ सोडली. आत बाजरीचा उंडा. आंबलेला, फुगलेला, पण अख्खा. गायीच्या पोटात जाऊन बी गायीला मिळाला न्हाई तो. आत्या तेच्याकडं बघत राहिल्या आन् म्हणल्या, ही उपाशीच होती की गं माय. आन् अशा रडल्या, मामाजी, माझे सासरे, गेले तवा बी तशा रडल्या न्हाईत.

डाक्टरनं टाके घातले, औषिद दिलं, पण जीव राह्यला न्हाई. दुपारी तांबडीनं मान टाकली. आन् आता ऐका खरी गंमत. घंटाभर झाला नसंल, माशा यायला लागल्या, तर तीच नाकाला पदरवाली म्हातारी, तीच जाऊबाई, आन् माझे इज्जतदार भावजी, सगळे माझ्याकडं. महानंदा, तुझ्या साहेबाला फोन लाव की. वैनी, तुमची ती मोठी गाडी बोलवा की, लवकर उचलायला लावा. माझं डोस्कं सटकलं. भर आंगणात मी वरडले, अन्नाला माझी गाडी चालत नव्हती, आन् गोमातेला चालती व्हय रे? काल इटाळ होता तो आज कुठं गेला? पदर काढा की नाकाचा! मंग मीच फोन लावला, मीच कुंकू लावलं तिला, मीच मागून ढकलून गाडीत चढवायला हात दिला. आत्यांनी तवा हो बाजूला म्हणलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी गल्लीत गाडी आली, गाणं वाजलं, बाया आपल्या केळाच्या सालीच्या बादल्या घेऊन आल्या. आन् घरातून आत्या निघाल्या. हातात ताट, ताटात रातीची उरलेली भाकर, भात, वरण, नातवंडांचं उष्टं, सगळं उघडं. सगळ्या बायांच्या मधून आल्या, मी बादली पुढं केली, तर ती बाजूला सारून माझ्या हातात हात घातला, हातमोज्यासकट घट्ट धरला, आन् मंग ताट बादलीत पालथं केलं. बघत काय उभी राह्यलीस, दुपारी लवकर ये, भाकरी कर, काल सकाळपसून पोटात काई न्हाई माझ्या, असं मलाच रागावून बोलल्या आन् गेल्या. दुपारी माझ्या हातची भाकर खाल्ली, ताटात पाणी घातलं, बोटानं धुतलं आन् पिऊन टाकलं. मी चुलीकडं तोंड करून बसले. भावजी दारात आले होते, तेंना आत्या म्हणल्या, खोलीचं काई बोलायला आला असशील तर पहिलं दुकानातल्या पिशव्या जाळ. ते आले तसे गेले.

आता खुंटा रिकामा हाय आंगणात. आत्या संध्याकाळी दाराकडं बघतेत. खोली आमचीच हाय, भावजी माझ्याशी बोलत न्हाईत, न्हाई तर न्हाई. पिशव्या जाळल्या का? कसल्या जाळतेत! पिवळ्या गेल्या, पांढऱ्या आल्या. काई बाया बादलीत टाकतेत आता, काई अजून खांबालाच, दुसऱ्यांच्या गायी हायत की मरायला. मुकादम म्हणतो खांबाचं सोडून दे, ते आपलं काम न्हाई. मी सोडत न्हाई. रोज गाडी थांबविते, खांबावरची एक एक पिशवी काढते, बाया दारात उभ्या राहून बघतेत, तेंच्यासमोर शिव्या देत देत काढते.

तुम्ही म्हणाल ही बाई नुसती शिव्याच देती. न्हाई ताई, आशीर्वाद बी देते. रोज देते. म्हणते, महादेवा, ह्या गल्लीतल्या घरांना भरपूर दे, तेंच्या तव्यावर भाकर कमी पडू देऊ नको, लेकराबाळांनी पोटभर खाऊन उरू दे, आन् उरलं तर ते उघड्या हातानं माझ्या बादलीत टाकायची तेंना लाज वाटू देऊ नको. एवढं म्हणते आन् गाठ सोडायला लागते. लई गच्च मारतेत मेल्या.