रहिवासी नावाचा व्ह्यू

…आणि वर आमचे हे मलाच ऐकवतात, "अगं, बाबांना कुणी पुसलेलं नाही! टेबलात आहेत ते, फक्त व्ह्यूत नाहीत!" डोंबल तुमचं! सख्खा बाप कालपासून उपाशी बसलाय, आणि हे मला टेबल शिकवतायत!

थांबा, पहिल्यापासून सांगते. हे एका वृद्धाश्रमात कॉम्प्युटर सांभाळतात आणि मामंजी तिथेच राहतात, खोली नंबर चौदा. हो, मीच पाठवलं! आमच्या दोन खोल्यांत त्यांचा खोकला आणि माझं शिलाईमशीन एकत्र मावत नव्हतं, बोला काय बोलायचंय ते! तर तिथले संचालक एक दिवस ह्यांना म्हणाले, "पाहुणे येतात, स्क्रीन बघतात, आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या नावापुढे तक्रारी! मला फक्त समाधानी माणसं दाखवा." झालं! ह्यांनी लिहिलं 'क्रिएट व्ह्यू', खाली अट घातली, तक्रारी शून्य असतील तोच दिसेल. म्हणजे खरी माहिती टेबलात जिथल्या तिथे, आणि व्ह्यू ही तिला पाडलेली खिडकी, अटीत बसेल तेवढंच दाखवणारी. इथवर ठीक हो! पण नाव काय ठेवलं त्याचं? 'रहिवासी'! समाधानी-बिमाधानी काही नाही, नुसतं रहिवासी! मग स्वयंपाकघराने विचारलं, रोज ताटं किती लावायची, यादी द्या… तर ह्यांनी मान वर न करता सांगितलं, "रहिवासी उघडा की, तयारच आहे."

आणि मामंजींचा नळ गळायला लागला. मास्तर माणूस, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ते गप्प बसतात होय? लिहिली तक्रार! दुपारी ताटच नाही. वाढणाऱ्या बाई म्हणतात, "यादीत नाव नाही आजोबा, तुम्ही इथे राहत नाही." "मग ह्या खाटेवर कोण बसलंय?" "ते मला काय माहीत!" मामंजींनी दुसरी तक्रार लिहिली, जेवण मिळालं नाही म्हणून. संध्याकाळी तिसरी! शेजारच्या आजोबांनी आपल्यातलं अर्धं पुढे केलं, तर म्हणाले, "उष्टं खात नाही मी." बाकीचे कधीच शहाणे झाले होते, गुपचूप तक्रार मागे घ्यायची आणि जेवायचं. पण मास्तर!

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा हे कळलं, तशीच तिथल्या ऑफिसात गेले. ह्यांना सांगितलं, तर तोंडचं पाणी पळालं, पण तरी पालुपद तेच, "टेबलात आहेत गं ते…" मग टेबल चावून खायचं का त्यांनी? ओढत नेलं ह्यांना संचालकांकडे. हे चाचरत म्हणाले, "साहेब, पाच मिनिटांचं काम… स्वयंपाकघराला वेगळा व्ह्यू देतो, अट काढून…" साहेब खुर्चीत मागे रेलले. "कशाला? मागच्या महिन्यात चाळीस तक्रारी होत्या, ह्या महिन्यात तीन, त्याही तिन्ही तुमच्या वडिलांच्या. एवढं चांगलं काम तुमच्या हातून पहिल्यांदा झालंय! का, तुमची काही तक्रार आहे?"

आणि ह्यांनी शेपूट घातलं! "नाही साहेब." मी तरी कुठे बोलले? नोकरी गेली तर मामंजींची खोली जाणार, आणि मग ते येणार कुठे? माझ्याकडेच ना! टेबलात असलेले बरे, म्हटलं!

मग तक्रार मागे घ्यायचा फॉर्म घेऊन मीच गेले चौदा नंबरला. "मामंजी, सही करा." त्यांनी दोनदा वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली, आणि 'माझी काहीही तक्रार नाही'च्या खाली सही केली. दहा मिनिटांत ताट आलं हो! पहिल्याच घासाला हा एवढा लांब केस. मी "अहो बाई…" म्हणून हाक मारणार, तोच मामंजींनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. केस काढला, खिशात घातला, आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "जेवण उत्तम आहे!"

मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "सूनबाई, तुझ्या घरी तर मी एकही तक्रार केली नव्हती. तरी नाव कापलंसच ना?"

मी आपलं म्हटलं, जेवून घ्या मामंजी… गार होतंय.